संकट कोणत्या वाटेने येते

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला. आर्थिक संकट मुख्यतः व्यापारामार्फत एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचते, हे तुझे गृहीतक मला अपुरे वाटते. निर्यात घटायला महिने लागतात, तर धनको एका दिवसात हात आखडता घेऊ शकतो; म्हणून कोणाचे कर्ज कोणाच्या ताळेबंदात आहे, हे आधी पाहा. ऑगस्ट 1998 मध्ये रशियाने रूबलचे अवमूल्यन करून कर्जफेड थांबवली आणि जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलला आपले चलन रिआल तरंगते सोडावे लागले, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवावा लागला. या दोन देशांत व्यापार फारसा नव्हता, पण पैसे गुंतवणारे बऱ्याच अंशी तेच होते. रशियात तोटा झाल्यावर मार्जिन (उसन्या पैशांवरच्या सौद्यांसाठी ठेवावी लागणारी अनामत) भरण्यासाठी त्यांनी ज्याला गिऱ्हाईक मिळेल ते विकले.

मुंबईचे उदाहरण मात्र सविस्तर लिही, कारण ते मला सर्वांत बोलके वाटते. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा भारतीय बँकांकडे अमेरिकी गृहकर्जांवरचे रोखे जवळजवळ नव्हते, तरीही ऑक्टोबरमध्ये इथल्या कॉल मनी बाजारातले, म्हणजे बँका एकमेकींना एका दिवसासाठी कर्ज देतात त्या बाजारातले, दर भडकले. परदेशी कर्ज आटल्यामुळे मोठ्या कंपन्या देशी बँकांकडे वळल्या आणि म्युच्युअल फंडांतले पैसे काढू लागल्या. परकीय गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर नेत होते. आणि रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, तेव्हा प्रत्येक विक्रीबरोबर बँकांकडचे तेवढे रुपये तिच्याकडे परत जात होते. अखेर रोख राखीव प्रमाण (बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा) 9 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 5 टक्क्यांवर आणावे लागले. तू फक्त सेन्सेक्सची घसरण मांडली आहेस. तिच्याशेजारी कॉल दर आणि रिझर्व्ह बँकेच्या डॉलर-विक्रीचे मासिक आकडे ठेव.

तिसऱ्या प्रकरणाबद्दल मला खरी काळजी आहे. संकटकाळात दोन बाजारांचा सहसंबंध (ते किती एकत्र वर-खाली होतात याचे माप) वाढला म्हणजे एकाचे संकट दुसऱ्याला लागल्याचे, म्हणजे संसर्ग, सिद्ध झाला, असे तू मानतोस. फोर्ब्स आणि रिगोबोन या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवले की चढउतार वाढले की मूळ दुवा तसाच राहूनही सहसंबंधाचा आकडा फुगतो. ही दुरुस्ती केल्यावर 1997 च्या आशियाई संकटातलीही वाढ जवळजवळ उरत नाही. ती दुरुस्ती करून सगळी कोष्टके पुन्हा मांड, आणि त्यांत 2013 चा काळ वेगळा ठेव, कारण तेव्हा अमेरिकेत कोणी बुडाले नव्हते. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचा संकेत देताच चालू खात्यात मोठी तूट असलेल्या (परदेशांतून मिळकत कमी आणि तिकडे देणे जास्त असलेल्या) भारत, इंडोनेशिया, तुर्कस्तान अशा देशांतून पैसा निघू लागला होता.

तुझा शुभचिंतक