चामखिळींची शस्त्रक्रिया आणि फेटाळलेला विमा दावा

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, पत्नीच्या मानेवरच्या आणि काखेतल्या २३ चामखिळी वाशीच्या एका रुग्णालयात भूल देऊन काढल्या, बिल ३८ हजार रुपये झाले, विमा कंपनीने सौंदर्योपचार ठरवून दावा फेटाळला आणि त्याला आता दहा महिने होत आले, तर ग्राहक आयोगात जावे का? अशा आशयाची पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून वरचेवर येतात. चामखीळ हा आजार आहे की नाही, या वादात मी शिरणार नाही. त्यावर फोनवरून हुज्जत घालण्यात आपण पुरेसा वेळ घालवलेला आहे.

आपल्या पॉलिसीत ‘कोड एक्स्क्ल ०८’ अशी खूण असलेले कलम काढून ते शेवटपर्यंत वाचावे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्यातले हे कलम आहे. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, ही त्याची पहिली ओळ वाचूनच बहुतेक लोक पॉलिसी मिटून ठेवतात. त्यापुढे अपवाद दिलेले आहेत: अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी केलेला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार. शेवटचे वाक्य असे की, ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली असली पाहिजे. आपले सारे प्रकरण या एका वाक्यावर उभे आहे.

आता आपण पाठवलेले डिस्चार्ज कार्ड पाहू. त्यावर निदान म्हणून ‘मल्टिपल स्किन टॅग्ज’ (म्हणजे अनेक चामखिळी) आणि पुढे ‘रुग्णाच्या विनंतीवरून काढले’ एवढेच लिहिले आहे, आणि खाली आपली सही आहे. मंगळसूत्रात अडकून मानेवरच्या दोन चामखिळींतून वारंवार रक्त येत असे आणि काखेतली एक पिळवटून काळी पडली होती, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण पत्राच्या अगदी शेवटी, ता. क. म्हणून लिहिता! ती कार्डावर नोंदवून घ्यायला सही करण्यापूर्वीची पाच मिनिटे पुरली असती.

तरीही मार्ग पूर्ण बंद झालेला नाही. रुग्णालयाकडे केसपेपरच्या संपूर्ण प्रतींसाठी लेखी अर्ज करावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार अर्जानंतर ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रक्तस्रावाची किंवा संसर्गाची नोंद पूर्वीच्या तपासणीच्या कागदांवर असेल, मलमाचे वा प्रतिजैविकांचे चिठ्ठीसह बिल असेल, काढलेला भाग तपासणीसाठी पाठवला असल्यास त्याचा अहवाल असेल, तर त्यांच्या आधारे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच प्रमाणपत्र घ्यावे. घराजवळच्या ओळखीच्या डॉक्टरांचे पत्र इथे उपयोगाचे नाही. जुन्या कार्डात मागाहून भर घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये; खाडाखोड उघड झाली की खरी कागदपत्रेही संशयाने पाहिली जातात.

तेवीसच्या तेवीस चामखिळी आरोग्याला धोकादायक होत्या, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर लिहून देईल असे मला वाटत नाही. म्हणून रुग्णालयाकडून तपशीलवार बिल मागून घ्यावे आणि निदान त्रासदायक तीन चामखिळींपुरता खर्च तरी मागावा. कंपनी आणखी एक आक्षेप घेऊ शकते, तो म्हणजे हा उपचार बाह्यरुग्ण विभागातच होण्यासारखा होता. शस्त्रक्रियागृहाचा वापर, दाखल केल्याची वेळ आणि आपल्या पॉलिसीतील डे-केअरची, म्हणजे रात्रभर न राहता होणाऱ्या उपचारांची, व्याख्या पाहिल्याशिवाय त्यावर ठाम काही सांगता येणार नाही.

मुदतीबाबत मात्र ढिलाई नको. विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाण्यापूर्वी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन द्यावेच लागते. आपण दहा महिने ग्राहक सेवा केंद्राला फोन केलेत आणि टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेल पाठवलेत. ते असे निवेदन ठरतीलच याची खात्री नाही. कंपनीने निवेदन फेटाळले, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तेथून एका वर्षात लोकपालांकडे तक्रार करता येते. पहिल्या नकारपत्रापासून वर्ष मोजावे, असा वाद कंपनी घालू शकते आणि विलंब माफ करणे लोकपालांच्या मर्जीवर आहे. म्हणून ते वर्ष संपण्याची तारीखच आपण शेवटची समजावी. निवेदन याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

ग्राहक आयोगासाठी २०१९ च्या कायद्याच्या कलम ६९ नुसार दोन वर्षे मिळतात आणि आपल्या रकमेच्या दाव्याला शुल्कही नाही. परंतु साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे म्हणणारा कायदा आणि आयोगातल्या तारखांचा अनुभव यांचा फारसा संबंध उरलेला नाही. ३८ हजारांसाठी तेथे वर्षे घालवण्यापेक्षा आधी लोकपालांकडे जाणे मला शहाणपणाचे वाटते. त्यांचे कार्यालय आता ठाण्यातच आहे, तेथे शुल्क नाही आणि वकील उभा करता येत नाही. आयोगात प्रकरण प्रलंबित असताना मात्र लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे एकदम अर्ज करू नये.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपर पाहून आवश्यकतेचे प्रमाणपत्र देण्यास नकार दिला, तर माझ्या मते हा दावा पुढे रेटण्यात अर्थ नाही.