बकेटचा प्ले आणि लोकल पिन

प्रश्न: माझ्या बॅकहो लोडरच्या बकेटला खूप प्ले (सांध्यात ढिलेपणा) आलाय, मेकॅनिक म्हणतो नुसती लोकल पिन टाका, स्वस्तात होईल. टाकू का?

उत्तर: दादा, नुसती पिन नको, बुशही (पिन जिच्यात बसते ती नळी) सोबतच बदला, झिजलेल्या बुशात नवी पिन टाकली की तीही लवकर जाते आणि खर्च दोनदा होतो. लोकल पिन चालेल पण वरून हार्डनिंग केलेली (वरचा थर कडक केलेली) हवी, कानशीने घासून बघा, कानस नुसती घसरली तर ठीक, खरवडलं तर परत करा. बकेटचे दात लोकल चालतात. हायड्रॉलिक फिल्टर मात्र ओरिजिनलच घ्या बरं का, नकली फिल्टरचा कागद फाटला की कचरा थेट सिस्टीममध्ये फिरतो आणि पंप बसतो. पार्ट मागवताना मशीनच्या प्लेटवरचा सिरीयल नंबर सांगा, आणि ग्रीस रोज मारा.