तिकीट काढून, एवढ्या लांब येऊन लोक फुटबॉलचा सामना संपायच्या आधीच का उठतात?

तुमचा प्रश्न असा आहे: गोव्यात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सामना बघायला गेलात, ऐंशीव्या मिनिटापासून आजूबाजूची माणसं उठायला लागली, आणि तुम्हाला राग आला. हे कसले चाहते, असं तुम्ही विचारलंय.

चाहतेच आहेत. मी त्यांना इतकी वर्षं ने-आण करतोय, म्हणून खात्रीने सांगतो.

मी सावंतवाडीचा. माझी सतरा सीटची ट्रॅव्हलर आहे. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा, सुरू झाली तेव्हापासून एफसी गोवा संघाच्या घरच्या सामन्यांना सावंतवाडी आणि बांद्यातून माणसं भरून फातोर्ड्याला जातो. पहिल्या वर्षी मी आत गेलोच नाही. गाडी लावायची आणि गाडीपाशी बसायचं. त्यामुळे सामना कसा बघतात हे कळायच्या आधी सामन्यातून माणसं कशी बाहेर पडतात, हे मला कळलं.

सगळ्यात आधी येतो तो खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन येणारा बाप. पंचाहत्तर मिनिटं झालेली असतात. त्याच्या मागून बायको, हातात पोराची एक चप्पल. मग दुचाकीवाले. मग घोळक्याने येणारे, आणि त्या घोळक्यात हमखास एक जण मान वळवून मागे बघत चालणारा. त्याला यायचं नसतं, पण गाडीची चावी दुसऱ्याकडे असते. गेटाबाहेर आल्यावरही हे लोक लगेच निघत नाहीत. आतून आवाज चढला की सगळे जागच्या जागी थांबतात. कुणीतरी मोबाईल काढतं. गोल नाही म्हटल्यावर पुन्हा चालू लागतात. ज्याचा जीव त्या सामन्यात नाही तो असा थांबत नाही.

आता ते उठतात का. वरवरचं कारण रस्ता. सामना साडेसातला सुरू झाला तर पंचेचाळीस, मधली पंधरा, पुन्हा पंचेचाळीस, म्हणजे सव्वानऊ. त्यावर वाढीव वेळ. पूर्वी वाढीव वेळ म्हणजे तीन-चार मिनिटं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. २०२२ च्या कतारच्या विश्वचषकात पंचांनी वाया गेलेला वेळ काटेकोर मोजायला सुरुवात केली. इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही अर्धात मिळून सुमारे २७ मिनिटं वाढली होती. तेव्हापासून ठिकठिकाणी चौथ्या पंचाच्या पाटीवर सात, आठ, नऊ असे आकडे दिसायला लागले. खेळाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. वेळ काढायला जमिनीवर लोळणाऱ्यांना चाप बसला. पण सामना नक्की कधी सुटेल हे मात्र कुणाला सांगता येईना. ज्याला पुढे शंभरेक किलोमीटर जायचंय त्याला ही अनिश्चित आठ मिनिटं फार जड जातात.

आमचा रस्ता बघा. वेर्णा, कुठ्ठाळी, आगशी, पणजी, पर्वरी, म्हापसा, पत्रादेवी, मग बांदा. सामना संपल्यावर सावंतवाडीपर्यंत जोडून मिळणारी एसटी आम्हाला कधी मिळाली नाही, म्हणून तर ट्रॅव्हलर. गाडीतली चार पोरं पुढे आंबोलीकडच्या गावातली. त्यांच्या गावची वस्तीची गाडी संध्याकाळीच सुटलेली असते. मोटरसायकली सावंतवाडीत ठेवून ती येतात आणि मध्यरात्रीनंतर घाटाच्या रस्त्याला लागतात. एकाची मोपा विमानतळावर पहाटेची ड्युटी. वेंगुर्ल्याचा एक जण होडीवर जाणारा. फातोर्ड्यात दहा मिनिटं आधी उठलं तर घरी एक तास आधी पोचतो, कारण सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येते ती शिट्टीनंतर. हा हिशोब चुकीचा नाही. मडगावात राहणाऱ्याने त्यांना नावं ठेवू नयेत.

पण एक गोष्ट माझ्या नजरेत भरली आणि तेव्हापासून रस्त्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही. जुन्या झुआरी पुलावर दोनच लेन होत्या. कुठ्ठाळीला एकदा अडकलं की अडकलं. माझ्या गाडीत सत्तर मिनिटांनंतर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, ‘पुलाच्या आधी भायर पडया.’ डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, वर्षभराने दुसरी. आता रात्री गाडी पुलावरून सरळ निघते. तरीही माणसं तेवढीच उठतात, त्याच मिनिटाला उठतात. फक्त पुलाच्या जागी आता पर्वरीचं नाव घेतात.

म्हणजे रस्ता हे खरं कारण आहे, पण एकटं नाही. उठायला मन तयार झालेलं असतं, रस्ता त्याला निमित्त देतो.

मन कशाने तयार होतं? एक तर दोन गोलांनी मागे असलो की. फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की ऐंशीव्या मिनिटाला ०-२ म्हणजे संपलं असंच वाटतं. क्रिकेटमध्ये चेंडू किती उरले, धावा किती हव्यात हे डोळ्यासमोर असतं, आशेला धरायला काहीतरी आकडा असतो. इथे काहीच नसतं. आणि गंमत बघा, गोल सगळ्यात जास्त होतात ते शेवटच्या पंधरा मिनिटांतच. पाय दमलेले असतात, बचावात फटी पडतात, हरणारा संघ मागची माणसंही पुढे टाकतो, दोन्हीकडून ताजे बदली खेळाडू उतरतात. पूर्वी तीन बदल करता यायचे, २०२० पासून पाच करता येतात. म्हणजे दमलेल्या बचावपटूच्या अंगावर तासभर बाकावर बसून राहिलेला पोरगा सुसाट येतो. जो ऐंशीला उठतो तो सामन्यातला सगळ्यात पिकलेला भाग झाडावरच ठेवून जातो.

हे मी दुसऱ्याबद्दल बोलत नाही. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची अंतिम लढत, गोवा विरुद्ध चेन्नईचा संघ चेन्नईयिन. त्या दिवशी माझ्याकडेही तिकीट होतं. १-१ अशी बरोबरी, आणि सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याच्या जोफ्रेने गोल केला. २-१. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता. मी त्याला सोडवलं आणि उठलो. डोक्यात एकच: गोवा जिंकला, आता ही सगळी माणसं नाचत रस्त्यावर येणार, गाडी पुढ्यात तीन गाड्या लागून अडकलीय, आत्ता काढली नाही तर मध्यरात्रीपर्यंत निघत नाही. जिने उतरलो तेव्हा पाठीमागे ‘फोर्सा गोवा’च्या घोषणा चालल्या होत्या. गेटावरचे पोलीसही आत तोंड करून हसत उभे होते.

आमच्याकडे समुद्राची गाज घरात बसून ऐकू येते. रोज ऐकून तिच्याकडे लक्ष जात नाही. थांबल्यासारखी वाटली तरच माणूस दचकतो. मी गाडीचं दार उघडलं आणि स्टेडियमची गाज थांबली. मला वाटलं शिट्टी झाली. पण शिट्टी झाली असती तर आवाज दुप्पट व्हायला हवा होता. लांबून एका कोपऱ्यातून थोडासा जल्लोष ऐकू आला, मूठभर माणसांचा. नव्वदाव्या मिनिटाचा स्वयंगोल होता तो, गोव्याकडूनच आपल्या जाळ्यात गेलेला, २-२. मी चावी हातात घेऊन गेटाकडे पळालो. पोचेपर्यंत तो मूठभर जल्लोष पुन्हा झाला. वाढीव वेळेत मेंडोझाने तिसरा घातला होता. चेन्नईयिन ३-२.

गेटावरचे पोलीस आता कुणाकडेच बघत नव्हते. माझ्या गाडीतला पहिला पोरगा बाहेर आला, त्याने मला विचारलं, ‘तू होतंस मां आत?’ मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मी आत होतो तेव्हा गोवा जिंकलेला होता. परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत कुणी बोललं नाही, आणि त्या गप्प बसण्यात मला माझा वाटा नाही असं वाटत राहिलं. सोळा जणांनी जे एकत्र सोसलं ते मी सोसलं नव्हतं. हरलेला सामना शेवटपर्यंत बघितल्याने काय मिळतं असं कुणी विचारलं तर मला हे सांगायचं असतं.

पुढे कळलं की युरोपियन फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षावरही ही वेळ आलेली आहे. १९९९ ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, बार्सिलोना. बायर्न म्युनिक १-० ने पुढे. लेनार्ट योहान्सन करंडक द्यायचा म्हणून वरून खाली मैदानाकडे निघाले. तेवढ्यात मँचेस्टर युनायटेडने वाढीव वेळेत दोन गोल केले. योहान्सन मैदानाशी पोचले तर जिंकलेले रडताहेत आणि हरलेले नाचताहेत, हे काय, असं त्यांना झालं. तेही कंटाळून उठले नव्हते, त्यांच्याकडे काम होतं. माझ्याकडेही होतं. उठणाऱ्यांतल्या पुष्कळांकडे असतं.

रागाने उठणारेही असतात, पण त्या रागालाही मान द्यावा असं काहीतरी घडलेलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात हजारो प्रेक्षक बरोबर सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, सामना सुटला २-२. पण काही दिवसांत मालकांनी तो भाव मागे घेतला. वर्षानुवर्षं शिट्टीपर्यंत बसणारी माणसं उठली, म्हणून त्या उठण्याला वजन होतं.

तुम्ही विचाराल, मग आमच्याकडे रात्रभर दशावतार बघणारी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत ती कशी? मीही यावर विचार केलाय. जत्रेत धयकालो, म्हणजे दशावतारच, बघायला बसलेल्या माणसाला राक्षस मरणार हे पहिल्यापासून माहीत असतं. शेवट माहीत असला की माणूस निवांत बसतो. शिवाय पहिली एसटी सकाळचीच, आणि उजाडताना दहीकाल्याचा प्रसाद हातावर पडल्याशिवाय रात्र पुरी झाली असं वाटत नाही. फुटबॉलमध्ये शेवट कुणालाच माहीत नाही आणि बसून राहणाऱ्याच्या हातावर कुणी काही ठेवत नाही. न कळणारा शेवट काहींना खुर्चीला खिळवतो आणि काहींना बसवत नाही.

या दुसऱ्या प्रकारचे एक काका माझ्या गाडीत पहिल्या वर्षापासून आहेत. साठी कधीच ओलांडली. तरुणपणी धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या जुन्या क्लबांचे सामने बघायला सायकल टाकून, मिळेल त्या गाडीने गोव्यात जायचे. गोवा तीन गोलांनी पुढे असला तर ते शेवटपर्यंत आरामात बसतात. तीन गोलांनी मागे असला तरी बसतात. पण एका गोलाचा फरक असला की ऐंशीव्या मिनिटाला उठून बाहेर येतात. मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, ‘माज्यान बघवणा नाय रे.’ तुम्ही त्यांना जिन्यात बघितलं असतंत तर तुम्हालाही त्यांचा राग आला असता.

त्या अंतिम सामन्यानंतर मी नियम केलाय. गाडी तोंड बाहेर करूनच लावायची, आणि शिट्टी झाल्यावर वीस मिनिटं इंजिन सुरू करायचं नाही. बांद्यात बसतानाच सगळ्यांना सांगतो. पहाटेची ड्युटीवाला एक-दोनदा कुरकुरला, त्याला आता पुढची सीट देतो, तो तिथे झोपतो. माझ्या गाडीतले आठ-दहा जण हल्ली शेवटपर्यंत बसतात. बाकीचे उठतात ते उठतातच, आणि मी त्यांना अडवत नाही. तुम्हीही अडवू नका, फक्त त्यांना वाट देताना मैदानावरून नजर काढू नका.

काकांकडे मी गाडीची चावीच देऊन ठेवतो. गेल्या हंगामातल्या एका सामन्यात गोवा १-० ने पुढे होता, आणि ते नेहमीप्रमाणे उठून गेले. शिट्टीनंतर मी बाहेर आलो तर गाडीच्या पायरीवर बसले होते, शेजारी थर्मासचं झाकण, त्यातला चहा तसाच. मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, ‘थांब. गोल झालो नाय. पण एक पोलार लागलो, मां?’

लागला होता, गोलच्या खांबाला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, समोरच्यांचा.