घोड्याची वाट पाहू नका

प्रश्न : होमरचं 'इलियड' इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर 'अ‍ॅट्रिअसचा पुत्र' भेटला, तो कोण ते कळेना. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी लागली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्याच्या पोटात लपून ग्रीक ट्रॉय शहरात शिरले त्या लाकडी घोड्याचा तर अजून पत्ताच नाही. आधी ग्रीक पुराणकथांचा एखादा जाडजूड ग्रंथ वाचून घेऊ का?
– एक वाचक, फतेहगंज, बडोदे

उत्तर : मुळीच नको. ते ग्रंथ देवांचा राजा झ्यूस याच्या आजोबांपासून सुरू होतात. ट्रॉयला पोचेपर्यंत तुमची दिवाळी उजाडेल.

घोड्याची वाट मीही पाहिली होती. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात, मे महिन्याच्या सुट्टीत, हिंचक्यावर बसून चोविसावा सर्ग संपवला. शेवट ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीने. घोडा नाही, ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याचं मरण नाही, ट्रॉय जागच्या जागी उभं! माझ्या जुन्या प्रतीची शेवटची पानं गळाली असणार, अशी माझी खात्रीच झाली होती. पानं शाबूत होती. दहा वर्षांच्या युद्धातल्या जेमतेम पन्नास दिवसांचीच ही कथा आहे. घोडा होमरच्याच 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात येतो, आणि ऐसपैस हवा असेल तर रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'मध्ये, दुसऱ्या सर्गात.

कीर्तनात बुवा नुसतं "सौभद्र व्यूहात शिरला" म्हणाले की पुढे बसलेल्या आजी डोळ्यांना पदर लावतात. सौभद्र म्हणजे कोण, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. होमरचे श्रोते या आजींसारखे होते. मूळ ग्रीकमध्ये सातव्या ओळीत ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगॅमेम्नॉन येतो तो 'अ‍ॅट्रिडीस', म्हणजे अ‍ॅट्रिअसचा मुलगा म्हणून. त्याचं स्वतःचं नाव यायला चोविसावी ओळ उजाडते. अकिलीसचा जिवलग पट्रोक्लस, तोही पहिल्यांदा बापाच्याच नावाने येतो. कौंतेय, राधेय, सौमित्र असं वाचत वाढलेल्या माणसाला हे जड जायला नको. एक चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून ठेवा : अ‍ॅट्रिअसचे मुलगे दोन, अ‍ॅगॅमेम्नॉन आणि मेनेलॉस, पेलिअसचा अकिलीस, अकियन, डॅनन, आर्गाइव्ह हे सगळे ग्रीकच, पॅरिसचं दुसरं नाव अलेक्झांडर. माझं निम्मं अडखळणं अशा चिठ्ठीनेच थांबलं.

मागची कथा मात्र एका लग्नापासून धरायची. थेटिस ही सागरदेवी. तिचा मुलगा बापापेक्षा बलवान होणार असं भाकीत होतं, म्हणून खुद्द झ्यूसने माघार घेतली आणि तिला पेलिअस नावाच्या मर्त्य माणसाला दिली. या लग्नात कलहदेवी एरिसला आमंत्रण नव्हतं. मानपान चुकला की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. तिने 'सर्वांत सुंदर स्त्रीला' असं लिहिलेलं सोन्याचं सफरचंद टाकलं, हेरा, अथीना आणि अ‍ॅफ्रोडाइटी या तीन देवी भांडल्या, निवाडा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याकडे गेला. त्याने अ‍ॅफ्रोडाइटीला कौल दिला, बक्षीस म्हणून मेनेलॉसची बायको हेलन मिळवली, तिच्यापायी युद्ध पेटलं, आणि हरलेल्या दोघींनी ट्रॉयशी कायमचा दावा मांडला. होमर या निवाड्याचा उल्लेख करतो तो थेट शेवटच्या सर्गात, तोही ओझरता. पण त्याच लग्नाचा मुलगा अकिलीस. देवांचा सम्राट व्हायच्या योग्यतेचा, आणि वाट्याला आलं ते अल्पायुष्य. पहिल्या सर्गात समुद्रकाठी बसून तो आईपाशी रडतो, ते या माहितीनिशी वाचा. नुसतं रुसलेल्या योद्ध्याचं रडणं ते वाटणार नाही.

अकिलीसची टाच मात्र इथे शोधू नका. थेटिसने बाळाला टाच धरून स्टिक्स नदीत बुडवलं ही गोष्ट फार उशिराची, होमरला तिचा गंधही नाही. लक्ष्मणरेषेचं असंच आहे. आपल्याच बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, तीत रेषा सापडत नाही. रेषा पुसली गेली म्हणून सीताहरण काही फिकं पडत नाही.

देवांबद्दल एवढंच ध्यानात असू द्या की ते पक्षपाती आहेत आणि नियतीपुढे त्यांचंही फारसं चालत नाही. सोळाव्या सर्गात झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पिडॉन मरायला निघतो. वाचवावं असं बापाला वाटतं, हेरा दटावते, आणि तो फक्त रक्ताचा पाऊस पाडतो.

जहाजांची यादी पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा. सगळी मिळून १,१८६ जहाजं, ती कुठे पळून जात नाहीत. सहाव्या सर्गावर या. हेक्टर रणातून घडीभर येतो आणि तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो. शिरस्त्राणावरचा हलणारा तुरा पाहून बाळ भोकाड पसरतं, दाईच्या कुशीत तोंड लपवतं. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग बाळाला उचलून मुका घेतो. ट्रॉय पडल्यावर याच बाळाला तटावरून खाली फेकलं, असं पुढच्या कवींनी सांगितलं आहे. होमर इथे त्यातलं अवाक्षर काढत नाही. आता तुम्हाला ते ठाऊक झालं. सहावा सर्ग काढा.