आइसलँडचे तेरा चोरटे भाऊ: मुलांना सांगायचे कसे

पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना आइसलँडचे योलास्वेनार, म्हणजे नाताळात एकेक करून येणारे लोककथेतले तेरा भाऊ, कसे सांगायचे आणि त्यांच्या मुलं खाणाऱ्या राक्षसीण आईचं, ग्रीलाचं, काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. ग्रीलाकडे नंतर येऊ, आधी तिची पोरं.

त्यांना 'तेरा सांता' करू नका, गोष्ट तिथेच फसते. हे मुळात डोंगरातून उतरणारे भुकेले चोर. बुटात भेट ठेवण्याचा उद्योग त्यांनी विसाव्या शतकात सुरू केला, त्याआधी ते फक्त न्यायला यायचे. पूर्वी त्यांची नावं आणि संख्या गावोगाव वेगळी असे. आजचे तेरा पक्के झाले ते योहान्नेस उर कोत्लुम या कवीच्या १९३२ सालच्या कवितेमुळे.

मूळ नावं मुलांच्या लक्षात राहत नाहीत. त्या नावांतच चोरी दडलेली आहे, म्हणून बिनधास्त मराठी करा. पहिला ताठपाया: मेंढीला लुचायला जातो, पण गुडघेच वाकत नाहीत (हा चालून दाखवावा लागतो). दुसरा बादलीतल्या दुधाचा फेस पळवतो. तिसरा बुटका खरवडखाऊ, तव्याच्या कडेचं करपलेलं खातो. चौथा लाकडी डाव चाटतो, पाचवा भांड्याच्या बुडाशी उरलेलं. सहावा पलंगाखाली दबा धरून असतो; कुत्र्या-मांजराला चाटायला म्हणून झाकणाचा लाकडी वाडगा खाली ठेवला, की वाडगा गायब. सातवा दारआपट्या. आठवा स्किरवर ताव मारतो. स्किर म्हणजे साधारण आपला चक्का, त्यामुळे चक्काचोर मुलांना लगेच कळतो. नववा आढ्याला टांगलेले सॉसेज पळवणारा, दहावा खिडकीतून डोकावणारा, अकरावा लांब नाकाचा, बारावा धुराड्यातून आकडा सोडून मांस ओढणारा.

तेरावा मेणबत्त्या पळवतो, आणि इथे मुलं अडतात: मेणबत्ती कशाला? तर ती चरबीची असायची, म्हणजे खाण्याजोगी. एवढं सांगितलं की तो वेडा वाटत नाही, भुकेला वाटतो.

रोज एकच भाऊ सांगा. पहिला १२ डिसेंबरच्या पहाटे येतो, म्हणून ११च्या रात्रीपासून २३च्या रात्रीपर्यंत प्रत्येकाचा एक बूट खिडकीत. भेट अगदी छोटी: संत्रं, खोडरबर, रंगीत खडू. पहिल्याच रात्री महागडं खेळणं ठेवलंत, तर उरलेल्या बारा रात्री तुमचं काही खरं नाही. उघडं चॉकलेट नको, मुंग्या भावांच्या आधी येतात. वाह्यातपणा केला तर बुटात कच्चा बटाटा, अशी तिकडची रीत. तो फार तर एकदा वापरा, आणि एकाच्या बुटात बटाटा, दुसऱ्याच्या बुटात खाऊ असं तर मुळीच नको. धाकटं ते वर्षभर विसरत नाही.

आता ग्रीला. ती तेराव्या शतकातल्या लिखाणातही भेटते, नाताळशी तिची सांगड पुढे सतराव्या शतकात पडली. मुलांना या मंडळींची भीती घालू नये, असा हुकूम १७४६ सालीच निघाला होता. तेव्हा काळजी करणारे तुम्ही पहिले नाही! पाच वर्षांच्या मुलाला ती फक्त 'तेरा उनाड पोरांची वैतागलेली आई' म्हणून सांगा, नवरा लेप्पालूदी आळशी आहे हेही सांगा. मुलं कोंबायचं तिचं पोतं आणि ती शिजवायची कढई आठ वर्षांच्यासाठी, तेही दिवसा. नवे कपडे न मिळालेल्यांना खाणारं नाताळचं मांजर झोपायच्या वेळी टाळाच.

परतीचं सांगायला विसरू नका, नाहीतर २५ला 'ते अजून घरात आहेत का?' सुरू होतं. २५पासून आल्या क्रमानेच रोज एक जण डोंगरात परततो, शेवटचा ६ जानेवारीला. दारआपट्या ३१ला जातो. तोवर घरात कुठलंही दार आपटलं, की नाव त्याचंच.