जुलैतला मंगळवार

"ह्यांना गावी कायमचं राहायला जायचंय. नाही म्हटलं तर मी त्यांच्या स्वप्नाच्या आड आले असं होतं. हो म्हटलं तर माझं तिकडे काय होणार, ते मलाच कळत नाही. आमचं जमेल का हो?"

मुंबई सोडून कोकणात परतू पाहणाऱ्या कुटुंबांकडून समुपदेशनात हा प्रश्न सतत येतो, आणि बहुतेक वेळा तो बायको विचारते. इथलं जोडपं डोंबिवलीचं. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. नवरा 54 वर्षांचा, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून ठेवलेला. बायको 50 वर्षांची, घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेणारी. मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात. देवगड तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, जांभ्या दगडाचं, कौलारू. घर सामायिक, अर्ध्या भागात चुलतभावाचं कुटुंब राहतं.

"जमेल का" ह्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पैसे पुरतील का, तब्येत साथ देईल का, आणि तिथे मी कोण असेन. पहिल्या दोन प्रश्नांवर घरात महिनोन्महिने चर्चा होते, वह्या भरतात. तिसरा प्रश्न कोणी काढत नाही, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

नवऱ्याचं म्हणणं होतं, "आपलंच घर, आपलीच माणसं. जागाच तर बदलायची." हे म्हणणं किती खरं, ते पाहायला थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांची 1967 सालची ताणमापन यादी उपयोगी पडते. आयुष्यातल्या 43 घटनांना त्यांनी ताणाचे गुण दिले, जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक म्हणजे 100. ह्या यादीत घर बदलण्याला फक्त 20 गुण आहेत. पण ह्या जोडप्याच्या बाबतीत त्याला लागून निवृत्तीचे 45, आर्थिक स्थितीतल्या बदलाचे 38, राहणीमानातल्या बदलाचे 25, विरंगुळा बदलण्याचे 19 आणि सामाजिक वावर बदलण्याचे 18 येत होते. बेरीज 165. दीडशेच्या वर गेलं की आजारपणाची शक्यता मध्यम धरतात. हे भविष्य नव्हे, माणसागणिक खूप फरक पडतो. पण कागदावर बेरीज पाहिल्यावर नवऱ्याने "जागाच तर बदलायची" हे वाक्य पुन्हा वापरलं नाही.

पहिलं सत्र दोघांचं एकत्र झालं, मग एकेक स्वतंत्र. स्वतंत्र सत्र फार गरजेचं असतं. एकत्र बसल्यावर ज्याला जायचंय तो वकिली करतो आणि ज्याला जायचं नाही तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला घरात होकार समजलं जातं.

दोघांना एकच गृहपाठ दिला: गावातला जुलै महिन्यातला एक मंगळवार, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने लिहून आणा. एकमेकांना दाखवायचा नाही.

मंगळवार अशासाठी की त्या दिवशी काही विशेष नसतं. आणि जुलै अशासाठी की कोकण सगळ्यांनी मे महिन्यात किंवा गणपतीत पाहिलेलं असतं. किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटक तुरळक, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर. दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. तुमचं गाव तेही आहे.

नवऱ्याने लिहिलं होतं: पहाटे समुद्रावर फेरफटका, मग कलमांच्या बागेत काम, दुपारी पडवीत वाचन, संध्याकाळी देवळात भजन. समुद्र घरापासून अकरा किलोमीटर. आणि भर पावसात बागेत नक्की काय काम करणार, ह्याला उत्तर नव्हतं. त्याने मनातला फेब्रुवारी लिहून त्यावर जुलै असं नाव घातलं होतं. बायकोच्या कागदावर सकाळी सहा ते रात्री नऊ मिळून नऊ ओळी होत्या आणि त्यातल्या सात स्वयंपाकघरातल्या. दुपारी तीन ते सहा ह्या रकान्यात तिने फक्त रेघ ओढली होती. शिकवणीची वेळ तीच.

दुसरा गृहपाठ छोटा होता. आठवड्याभरात न ठरवता, न बोलावता किती माणसं भेटतात आणि बोलतात, त्यांची यादी. नवऱ्याची चार जणांची: ऑफिसातले दोघं, वॉचमन आणि लोकलमधला एक सहप्रवासी. बायकोची तेवीस. शिकवणीची मुलं, त्यांच्या आया, शेजारीण, भाजीवाली, वाचनालयातल्या बाई, योगवर्गातल्या चौघी.

ह्या दोन आकड्यांनी घरातलं भांडण बरंचसं उलगडलं. शहर सोडताना नवऱ्याचं जवळजवळ काहीच जात नव्हतं, बायकोचं अख्खं रोजचं जग जात होतं. आणि घरात तो ह्याला तिचा हट्ट म्हणत होता.

नवऱ्याच्या स्वतंत्र सत्रात एक साधा प्रश्न विचारला. गावी जायची ओढ शून्य ते दहामध्ये किती? तो म्हणाला, नऊ. मग विचारलं, उद्यापासून ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर आलं, लोकलचा प्रवास संपला, तर किती? बराच वेळ थांबून म्हणाला, सहा. म्हणजे तीन गुण प्रवासाच्या दगदगीचे होते. रोजचे पावणेतीन तास, तेही उभ्याने, अठ्ठावीस वर्षं. ही थकावट खरी आहे, पण तिच्यावर गाव हाच एक उतारा नाही. उरलेले सहा मात्र खऱ्या ओढीचे. सहा हा बऱ्यापैकी मोठा आकडा आहे, आणि तो ऐकून बायकोलाही बरं वाटलं. नवरा नुसता पळून जात नाहीये, एवढी खात्री तिला हवीच होती.

तिची खरी भीती तिसऱ्या सत्रात बाहेर आली, आणि ती गावाबद्दल नव्हती. तिची आई 77 वर्षांची, ठाण्यात एकटी राहते. "रात्री दोनला फोन आला तर मी कधी पोचणार?" ह्या प्रश्नाला "होईल काहीतरी" असं उत्तर देऊन चालत नाही. कागद घेऊन बसावं लागतं. गावातून कणकवली स्टेशन, तिथून रेल्वेने आठ-दहा तास, पावसाळ्यात जास्त, आणि रात्री लगेच गाडी मिळेलच असं नाही. म्हणजे पोचायला अर्धा दिवस गृहीत धरायचा. मग प्रश्न बदलतो: त्या अर्ध्या दिवसात आईजवळ कोण असेल? दोन माणसं ठरवली, एक शेजारी आणि एक भाचा, दोघांकडे घराची किल्ली. औषधांची यादी, विम्याचे कागद आणि डॉक्टरांचा नंबर एका फाइलमध्ये, ती फाइल दाराजवळच्या कपाटात. एवढं झाल्यावर तिची रात्रीची झोप सुधारली, गावचा निर्णय अजून झालेला नसताना.

मग गावी राहून पाहायची तालीम ठरली. सहा आठवडे, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, गणपतीच्या आधी संपणारी. नवऱ्याने साठवलेली रजा घेतली, बायकोने शिकवणीची एक तुकडी मैत्रिणीकडे सोपवली आणि दुसरी ऑनलाइन घ्यायची ठरवलं. नियम थोडेच होते. मुंबईहून पाहुणे बोलवायचे नाहीत. खर्च निवृत्तीनंतर जेवढं उत्पन्न असेल तेवढ्यातच. रोज रात्री नऊला दोघांनी आपापल्या वहीत मनःस्थितीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि आज कोणाशी बोललो ते लिहायचं. आणि नेहमीच्या तपासणीसाठी एकदा तालुक्याच्या दवाखान्यात, एकदा मोठ्या रुग्णालयात पावसातच जाऊन यायचं, घड्याळ लावून. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण अनेकदा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागतात, आणि पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होऊ शकतो. नकाशातलं अंतर आणि पावसातल्या रात्रीचं अंतर वेगळं. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या किमान दीड महिन्याच्या घरात हव्यात.

तालमीत काय बिघडलं ते महत्त्वाचं.

दहाव्या दिवशी वाऱ्याने झावळी पडून तार तुटली, एकतीस तास वीज नव्हती. दिव्यांची सोय इन्व्हर्टरवर झाली होती. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर पाच-सहा तास चालतात. पण विहिरीवरचा पंप चालत नाही. वीज गेली की पाणी जातं, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाने पाणी काढताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. वहीत त्या दिवशी तिचे गुण दोन, त्याचे तीन. पुढच्या आठ दिवसांत कपड्यांना बुरशी आली, तिची ऑनलाइन शिकवणी रेंज नसल्याने तीनदा तुटली. तिसऱ्या आठवड्यापर्यंतची ही घसरण जवळजवळ प्रत्येक तालमीत दिसते. सुरुवातीचं नावीन्य ओसरलेलं असतं आणि नवी घडी अजून बसलेली नसते. म्हणूनच पंधरा दिवसांची तालीम फसवी ठरते. ती बरोबर तळाशी संपते आणि माणूस "आपलं काम नव्हे" असं ठरवून परत येतो.

नवऱ्याला सगळ्यात लागलं ते वेगळंच. वाडीत जो भेटेल तो विचारायचा, "कधी इलास? जातलस कधी?" सुरुवातीला तो अभिमानाने सांगायचा, "आता कायमचाच येतोय." त्यावर समोरचा गप्प व्हायचा. चाकरमानी आला की गावाला कौतुक असतं, त्याच्यासाठी घरात गोडधोड होतं. पण कायमचा येणारा चाकरमानी म्हणजे हिश्शाचा प्रश्न. अर्ध्या घरात वर्षानुवर्षं राहून कौलं परतणाऱ्या, गळती बुजवणाऱ्या चुलतभावाला आपला पाया हलल्यासारखं वाटणं स्वाभाविक होतं. फोनवरच्या सत्रात हे बोलल्यावर नवऱ्याने उत्तर बदललं: "सहा आठवडे आहे, मग बघू." ते खरंही होतं.

दुसरी चूक गावाला सुधारायला जाण्याची. तो पहिल्याच आठवड्यात देवळाच्या बैठकीत हिशेब कसे ठेवावेत ते सांगायला गेला होता. शहरातून आलेल्या माणसाने पहिलं वर्ष सतरंज्या उचलाव्यात, पाखाडीवरचं, म्हणजे दगडी पायवाटेवरचं, शेवाळ खरवडायला जावं, सूचना देऊ नयेत. भजनात टाळ धरायला बसला तेव्हापासून लोक त्याच्याशी बोलू लागले.

घराच्या दुरुस्तीवर पैसे घालायची घाई तर नकोच. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा काढून कोणाकोणाची नावं आहेत ते पाहायचं, वाटणीचं वकिलाकडून समजून घ्यायचं, आणि चुलतभावाशी लेखी ठरल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. शहरातला फ्लॅट विकायचा नाही, निदान दोन पावसाळे. भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार पुरे. परतीची वाट उघडी असली की माणूस नव्या जागी जास्त निवांतपणे राहतो, हे अनेक घरांत दिसलंय.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उदासपणा, झोप उडणं किंवा सारखं झोपून राहणं, कशातच रस नसणं हे सलग दोन आठवडे टिकलं, तर ते "अजून रुळले नाही" म्हणून सोडून देऊ नये. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे, गुण शून्य ते सत्तावीस, दहा किंवा वर आले तर डॉक्टरांना भेटायचं. जगणं नकोसं वाटल्याचा एक जरी विचार आला, तर गुण कितीही असोत, थांबायचं नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी फोन असतो.

ह्या ताईंचे वहीतले मनःस्थितीचे गुण चौथ्या आठवड्यात वर आले, आणि ते बचत गटाच्या बैठकीनंतर. गटातल्या एकीने नातवाचं गणित दाखवायला आणलं. दोन दिवसांनी पाच मुलं पडवीत आली. दुपारी तीन ते सहा.

परतल्यावरच्या सत्रात दोघांनी सहा आठवड्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या. तिची सरासरी पाचच्या थोडी वर, त्याची सहा. दहापैकी नऊ कोणाचेच नव्हते. नवरा निवृत्ती दिवाळीपर्यंत पुढे ढकलायला तयार झाला. बायको दिवाळीनंतर गावी राहायला तयार झाली, दर महिन्याचा एक आठवडा ठाण्यात आईकडे घालवायच्या अटीवर, आणि ह्या आठवड्याचं रेल्वेचं तिकीट घरखर्चात आधी धरायचं, उरलं तर नव्हे. विहिरीसाठी हजार लिटरची टाकी उंचावर बसवायची, म्हणजे वीज गेली तरी दोन दिवस पाणी राहील. चुलतभावाशी बोलायला नवरा एकटा न जाता दोघं मिळून जाणार.

शेवटी तिला पुन्हा तोच कागद दिला, जुलैतला मंगळवार. ह्या वेळी चौदा ओळी झाल्या, न बोलावता भेटणाऱ्या माणसांची नावं नऊ. तेवीस नव्हेत, हे तिने स्वतःच म्हटलं. पुढचं सत्र पुढच्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलंय, गावातूनच, व्हिडिओ कॉलवर. रेंज नसेल तर साध्या फोनवर.