वाचक विचारतात: पाच वजा, दहा जमा

प्रश्न: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांतली ‘ग्रेट वेपन मास्टर’ फीट (पात्राचं खास कौशल्य) घेतली. हल्ल्याच्या फाशातून 5 वजा, डॅमेजमध्ये (शत्रूला होणाऱ्या इजेत) 10 जमा. पण वार सारखे हुकतात. फीट कुचकामी आहे का?

उत्तर: मुळीच नाही, सरसकट वापरली की घात होतो. वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा हल्ल्याचा बोनस +7, ग्रेटस्वोर्ड या दोन हाती तलवारीचं सरासरी डॅमेज 11 धरा (क्रिटिकल, म्हणजे फाशावर 20 पडल्यावरचं वाढीव डॅमेज, सोडून). शत्रूचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 15 असेल तर साधा वार सरासरी 7.15 डॅमेज देतो, फीट वापरून केलेला जोखमीचा 8.4. आर्मर क्लास 17 ला फरक नगण्य, 18 ला साधाच सरस: 5.5 विरुद्ध 5.25. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळाला की मात्र 18 लाही जोखीम परवडते, जोखमीचा 9.19 विरुद्ध साधा 8.25. म्हणून साथीदाराला शत्रू आधी आडवा पाडायला सांगा. चार-पाच हिट पॉइंट (जीवगुण) उरलेल्या शत्रूवर साधाच वार करा; तिथे जादा 10 फुकट जातात.